लाटेची उंची पुरेशी नाही

‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ ही आपल्या अंकातील बातमी वाचली. इशारा योग्यच, पण त्यात फक्त लाटांची उंची होती. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी सागरी माहिती केंद्राच्या अंदाजात दोन लाटांमधला वेळही सेकंदांत असतो, तो छापायलाच हवा. दीड मीटरची लाट 12 सेकंदांनी आली तर लहान होडी अलगद वर चढून उतरते. तीच 5 सेकंदांनी आली की नाळ (होडीचे पुढचे टोक) सावरण्याआधीच पुढची आदळते, होडीत पाणी भरते. शिवाय ही उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट जवळपास दुप्पटही उठते. दीड मीटर वाचून निघालेल्या तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) हे कोणी सांगितलेले नसते. बातमीत दोन ओळी वाढवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, हर्णै (जि. रत्नागिरी)