गोळ्या आल्या, आता माणसं हवीत

सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारात बहुतेकांच्या कानावर आलंच असेल. आपलं मंडळ ज्या वस्तीत बालवाडी चालवतं, तिथल्या दोन मुलांना घटसर्प (डिप्थेरिया) झाला. दोघंही रुग्णालयात आहेत, प्रतिविष वेळेवर मिळालं.

काळजी आहे ती त्यांच्या घरच्यांची आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांची. घटसर्पाचे जंतू धडधाकट माणसाच्या घशातही मुक्काम करतात आणि खोकल्या-शिंकेतून पुढे जातात. म्हणून काही होत नसलं तरी त्या सगळ्यांना एरिथ्रोमायसिन हे जंतू मारणारं औषध घ्यायचंय, दिवसातून चारदा, 7 ते 10 दिवस. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळाल्यात. त्यासाठी वर्गणी नको.

घोडं अडलंय पुढेच. उपाशीपोटी घेतली की ही गोळी मळमळवते. नुसत्या चहावर साइटवर जाणारा गडी ती कशी घेणार? तिसऱ्या दिवशी ‘आम्हाला कुठे काय झालंय’ म्हणत पुडी फळीवर जाते. एका आजींनी तर उरलेल्या गोळ्या ‘पुढे नातवाला लागतील’ म्हणून डब्यात जपून ठेवल्या होत्या. रागवायचं तरी कसं!

तेव्हा दहा दिवस दोन्ही वेळची मऊ खिचडी हवी आहे. तांदूळ-मूगडाळ दिलीत तरी चालेल, शिजवायला मंडळाचं स्वयंपाकघर आहे. शिवाय सकाळ-संध्याकाळ आशाबहेनसोबत (सरकारी आरोग्यसेविकेसोबत) घरोघर जाऊन समोर गोळी घ्यायला लावणारी माणसं हवीत. लस घेतलेली असावी, मास्क आम्ही देऊ.

वस्तीतल्या काही बायका आपल्याच घरांत स्वयंपाकाला येतात. घशाच्या स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी घरीच राहायचंय. कृपया त्यांचा पगार कापू नका. खरं सांगायचं तर ही मदत आम्हाला खिचडीपेक्षा मोठी वाटते. पगार बुडायच्या भीतीनं कुणी लपवालपवी केली, तर इतरांनी घेतलेल्या गोळ्या फुकट जातील.

आणि हो, मनानंच दुकानातून गोळ्या आणून घरच्यांना देऊ नका. 1994 साली सुरतेत प्लेग आला तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांत कशी झुंबड उडाली होती, हे जुन्या बडोदेकरांना आठवत असेल. त्यापेक्षा मुलांचं 10 आणि 16 वर्षांचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाच्या लशीचं) इंजेक्शन राहिलंय का, ते कार्ड काढून बघा.

मंडळाचं कार्यालय रोज संध्याकाळी 6 ते 8 उघडं आहे. स्टीलच्या डब्यांवर नाव घालून द्या, मागच्या वेळचे सात डबे अजून इथेच पडून आहेत.

आपले,
कार्यकारी मंडळ