मालदीवहून पत्र: आधी पाण्याचं बोलू

प्रिय संदीप,
स. न. वि. वि.

‘बुडायच्या आत परत ये’ हा तुझा मेसेज मी इथल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवला. पोरं खूप हसली. अरे, बुडण्याचं इथं कुणी रोज बोलत नाही. बोलतात ते पिण्याच्या पाण्याचं.

या बेटांवर नदी नाही की ओढा नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा जास्त झाला, की खारं पाणी खालून वर येतं. लाट बेटावर चढली, की वरूनही मुरतं. २००४ च्या त्सुनामीत कितीतरी बेटांवरच्या विहिरी अशाच खारट झाल्या. मी राहतो त्या घरातल्या आजी भांडी विहिरीच्या पाण्याने घासतात, पण चहाला पागोळ्यांखालच्या टाकीतलंच पाणी हवं. आमच्या प्लांटचं, समुद्राचं गोडं केलेलं पाणी नळाला आलंय. ते त्यांना बेचव लागतं. मला तर फरक कळत नाही!

पूर्वी शोषखड्ड्यांतली घाण विहिरींत उतरायची. आता सांडपाणी पाइपाने समुद्रात जातं. विहीर सुधारते, पण जमिनीत परत मुरणारं तेवढं पाणीही जातं. हे गणित मला अजून छळतं. भारताच्या कर्जातून २८ बेटांवर झालेल्या पाणी आणि मलनिःसारणाच्या योजना ऑगस्ट २०२४ मध्ये सुपूर्द झाल्या. चांगलंच काम आहे. पण प्लांट म्हटला की डिझेल, पंप, मीठ अडवणारे पडदे म्हणजे मेंब्रेन, सुटे भाग आणि ते सांभाळणारा माणूस आलाच. उद्घाटनाला मंत्री येतात, बंद पडलेल्या पंपाला कोण येतो? डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेच्या प्लांटला आग लागली, तेव्हा लाखभर लोकांची तहान भागवायला भारतातून विमानांनी आणि जहाजांनी पाणी आणावं लागलं होतं.

आता तुझ्या कामाचं, किनाऱ्याच्या धुपीचं. १९८७ मध्ये मोठ्या लाटा मालेत घुसल्या, त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत उभी राहिली. आपल्या मरीन ड्राइव्हला असतात तसलेच. त्सुनामीत तिने शहराला बराच आधार दिला. म्हणून प्रत्येक बेटाला आता भिंत हवी, बंदर हवं. पण इथली वाळू मोसमी वाऱ्यांबरोबर बेटाच्या एका बाजूने दुसरीकडे जाते नि वारा फिरला की परतते. मध्ये बंदराचा बांध आला, की ती अडते आणि पलीकडचा किनारा खचायला लागतो. मग तिथे वाळूच्या गोण्या. आमच्या बेटावर त्या गोण्या फाटून नारळाची मुळं उघडी पडलीत.

खरा बांध म्हणजे बाहेरचा प्रवाळ. लाटेचा जोर तो मोडतो, वाळूही त्याचीच बनते. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून तो पांढरा पडला. त्यात भराव घालायला खाजणातली वाळू उपसली, की गाळ त्याच्यावरच बसतो. तरी भराव नकोच, असं मी म्हणणार नाही. मालेजवळचं हुलहुमाले हे भराव घालून केलेलं बेट उंच बांधलंय, मालेच्या खुराड्यातून लोकांना तिथे घरं मिळाली. फक्त प्रवाळाचा हिशेब प्रकल्पाच्या खर्चात कुणी धरत नाही, याचा मला राग येतो.

तुमच्याकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं टोक संपतं, तिथे पावसाळ्यानंतर किनारा किती खातो? मोजमापं असतील तर पाठव, फोटो तर नक्कीच. पुढच्या बैठकीत बंदराच्या नकाशावर मी वाद घालणार आहे, उपयोगी पडतील.

काकूंना नमस्कार. चिनूला सांग, शार्क पाहिला, पण हातभरच होता.

तुझा,
अभय