पंपाला हात लावू नका

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

तुझा फोन आला तेव्हा मी उद्यमनगरात लेथच्या आवाजात उभा होतो. धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. चिखलीला जाऊन तुमची बंद पडलेली मालवाहू गाडी बघून आलो. तिचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनात दाबानं डिझेल पाठवणारा पंप, चांगला आहे. तो उघडायची गरज तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. गाडी विकायची की ठेवायची हे तू आणि काकूंनी ठरवायचं. पण पंप गेला म्हणून भंगाराच्या भावात देणार असशील, तर भावा, थांब.

तुझ्या धाकट्या भावानं तुला सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन रडत-रडत फिरायचं आणि फायर घ्यायचं नाही. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला तरी गाडी उठली नाही. मेस्त्री आला, बॉनेट वर केलं आणि उभ्या-उभ्या पंप गेल्याचं सांगून मोठा आकडा टाकून निघून गेला. मला चीड येते ती याचीच. पंप खरंच जातात, त्याबद्दल वाद नाही. पण या माणसानं बॅटरीला मीटर लावला नाही, एक नट सैल करून डिझेल येतंय का ते पाहिलं नाही. तुझ्या आबांनी एवढी वर्षं जपलेली गाडी पाच मिनिटांत निकालात काढली.

डिझेल गाडी चालू होत नसली की मी पहिल्यांदा एवढंच बघतो: इंजिन पुरेशा वेगानं फिरतंय का, आणि फिरत असेल तर सायलेन्सरमधून धूर येतोय का. फिरतच नसेल तर दोष बॅटरी, केबल किंवा सेल्फमध्ये. फिरतंय, पांढरा धूर येतोय, पण उठत नाही, म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) यांच्याकडे जायचं. फिरतंय आणि धुराचा पत्ताच नाही, म्हणजे डिझेलच पोचत नाही. तुझ्या गाडीत दोन दुखणी एकदम होती. एकामुळं इंजिन मंद फिरायचं, दुसऱ्यामुळं डिझेल अडायचं. दोन्ही मिसळल्यावर पंपावर संशय जाणं सोपं होतं.

गिअर न्यूट्रल केला, हँडब्रेक ओढला, चाकामागं दगड लावले आणि मीटर काढला. बॅटरी धाकट्यानं आदल्या दिवशी चार्ज करून आणली होती. रात्रभर ठेवून १२.५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ भरलेली. पूर्ण भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२ च्या खाली गेली की उतरलीच समजायची. पण नुसत्या उभ्या बॅटरीच्या व्होल्टवर विसंबायचं नसतं. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. धाकट्याला चावी फिरवायला सांगितलं. बॅटरीच्या टोकांवर १०.४ राहिले. साडेनऊच्या वर टिकली म्हणजे बॅटरी निर्दोष. मग मीटर सेल्फवर लावला, तिथं फक्त ८.२. दोन व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच कुठंतरी खपत होते.

मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि पुन्हा सेल्फ. वायर आणि जोड चांगले असतील तर इथं जेमतेम ०.२ दिसायला हवेत. मला दिसले १.९. धाकटा म्हणाला, "दादा, हे तर कमी आहे, चांगलं ना?" त्याला समजावलं, की इथं जेवढा आकडा दिसतो तेवढा सेल्फच्या तोंडचा घास गेला. खात्रीसाठी एक जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनला लावली. सेल्फ असा फिरला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

दोष अर्थिंगच्या पट्टीत होता, बॅटरीकडं परत जाणाऱ्या करंटच्या वाटेत. इंजिन आणि चासीमधली ती विणलेल्या तांब्याची पट्टी तुला आठवत असेल. बोल्टाखाली हिरवट-पांढरी भुकटी साचली होती, निम्मे धागे हाताला लागताच तुटले. २०२१ च्या जुलैत गोठ्यापर्यंत पाणी आलं, तेव्हा गाडी त्यात उभी होती. २०१९ च्या पुरात आबांनी ती आधीच वर काढली होती, चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर पडत होती त्या गडबडीत. २०२१ ला आबा नव्हते. पुराचं पाणी ओसरलं की लोक सीट धुतात, ऑइल बदलतात, पण बॉडीच्या अर्थिंगचे जोड खोलून कुणी बघत नाही. गंज आत-आत चालू राहतो आणि त्रास दोन-तीन वर्षांनी दिसतो. पट्टी नवीन टाकली, चासीवरचा रंग पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. सेल्फवर आता दहाच्या वर व्होल्ट मिळतात.

इंजिन झक्क फिरायला लागलं, तरी उठलं नाही. सायलेन्सरला हात लावून उभा राहिलो, धुराचा वासही नाही. म्हणजे डिझेल पोचत नव्हतं.

पंपावर इंजिन बंद करायचा छोटा सोलेनॉइड असतो. चावी चालू केली की तो 'टिक' करतो आणि डिझेलची वाट उघडतो. त्याची वायर निघालेली असेल तर साऱ्या गाडीला काही झालेलं नसताना इंजिन उठत नाही. बोट ठेवून बघितलं, टिक जाणवली, वायरीवर १२ व्होल्ट होते. म्हणून पुढं डिझेलच्या फिल्टरकडं गेलो. खालचा ड्रेन सैल केला तर आधी पाणीच आलं. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं. गाडी पावसाळाभर निम्म्या टाकीवर उभी होती, त्यामुळं टाकीतल्या हवेतल्या दमटपणाचं आत थंड होऊन पाणी साचलेलं असणार. मग लाइनीतली हवा काढायचा स्क्रू सैल करून डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारायला लागलो. पांढरा फेस, बुडबुडे, परत फेस. कितीही मारा, स्वच्छ धार काही लागेना.

आता इथं सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. नळीला चीर असली तर तिथून डिझेल सांडत नाही, उलट हवा आत ओढली जाते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, म्हणून नळीवर कुणाचा संशय जात नाही. आणि लाइनीत हवा असली की पंप कितीही चांगला असून उपयोग नाही. इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलची) सुई उघडायला शंभर बारच्या वर दाब लागतो. हवा नुसती दबते आणि परत फुगते, सुई जागची हलत नाही. धक्का मारूनही गाडी उठली नाही ती याच कारणानं.

टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी काढली. तिच्या जागी पारदर्शक नळी लावून दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडलं. हातपंप मारला, बुडबुडे संपले, नळीत पिवळसर डिझेल एकसंध दिसायला लागलं. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला. दोन-तीन हिसके, पांढरा धूर, आणि मग ती घरघर. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यांच्या येण्याचा आवाज." मला पुढं काही बोलवेना.

कॅनवर चालली, म्हणजे पंप, इंजेक्टर, कॉम्प्रेशन सगळं ठीक, दोष टाकी आणि फिल्टरच्या मधेच. टाकीच्या तोंडाशी क्लिपेखाली रबरी नळी वाळून तडकली होती. नखानं दाबली की तोंड उघडायची, सोडली की बंद. डिझेलसाठीचीच नळी आणून टाकली (पाण्याची नळी टाकू देऊ नकोस, डिझेलनं ती फुगते आणि सोलते), क्लिपा आणि फिल्टर नवीन. टाकीचा तळही रिकामा करून घेतला.

हीटर प्लगही तपासले. वायर काढून मीटर लावला की चांगला प्लग एक ओमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारांतला एक गेलाय. दुपारी गाडी तीनवर उठते, पण डिसेंबरच्या पहाटे, मार्केट यार्डात गूळ उतरवायला निघताना, त्रास देईल. तो मी आणून बसवतो. तोवर धाकट्याला एक बजावलंय: एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंगचा स्प्रे मारायचा नाही. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फोडतो. पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांजवळ इंजिन चालू असताना हात न्यायचा नाही, हेही सांगितलं. त्या दाबाची बारीक धार कातडीच्या आत शिरते.

तू म्हणशील, जुनी गाडी, आज हे, उद्या ते. खरं आहे. चासीचा मागचा भाग गंजलाय, स्प्रिंगची पानं बसलीत, आणि आठ वर्षांवरची मालवाहू गाडी म्हणून दरवर्षी पासिंगला न्यावी लागणारच. हे सगळं धरून हिशेब कर. पण इंजिन धरून हिशेब कर, इंजिन गेलंय असं समजून नको. गुऱ्हाळं सुरू झालीत, धाकट्याला गुळाच्या रव्यांची भाडी मिळतील असं तो म्हणतोय, आणि त्याच्या डोळ्यांत मला ते करायची इच्छा दिसली. विकायचीच ठरली तरी चालू गाडी दाखवून विकू, भाव वेगळा येईल. गिऱ्हाईक मी बघतो.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा आरसी आणि विम्याचे कागद घेऊन ये, ते तुझ्याकडंच आहेत असं काकू म्हणाल्या. पासिंगची तारीख बघून मला आधी फोन कर. वहिनींना नमस्कार, पोरांना लाड.

तुझा,
पेठेतला मित्र