बकुळा उभी आहे

प्रिय सखी,

बकुळा उभी आहे, खाते आहे, रवंथ करते आहे. हे सगळ्यात वर लिहिलं, कारण तू पत्राची मधली पानं सोडून शेवटाकडे धावतेस हे मला ठाऊक आहे. आता निवांत बस आणि ओळीनं वाच.

आमच्या तब्येती ठीक. ह्यांचा खांदा अधूनमधून धरतो. सासूबाईंना कमी दिसतं, पण कुठली कोंबडी कुठे अंडं घालून आली ते ओरडण्यावरून सांगतात. बस, एवढंच.

गेल्या आठवड्यात दिवसभर पावसाची झड होती. संध्याकाळी बकुळा हौदावरून पाणी पिऊन परत येत होती आणि गव्हाणीच्या अलीकडे, ओल्या फरशीवर, तिचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले. बसली ती बसलीच. मी हाका मारल्या, ह्यांनी शेपटीच्या बुडाला धरून उचल दिली, दादा धावत आला. ती मान पुढे ताणायची, मागचा भाग वीतभर उचलायची आणि पुन्हा धप्पकन खाली. घोडा पुढच्या पायांवर आधी उठतो, गाय मागून उठते. गाईच्या मागे जोर राहिला नाही की पुढचे पाय कितीही धड असले तरी काही चालत नाही. तिचे डोळे बघवत नव्हते गं. घाबरलेली नव्हती. आपल्याला हे जमत का नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

डॉक्टर रात्रीच आले. हाड मोडलेलं नाही म्हणाले, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि काय काय करायचं ते नीट सांगितलं. तिला कुशीवर लोळू द्यायचं नाही, दोन्ही बाजूंना टेकू देऊन पोटावर बसती ठेवायची, नाहीतर पोटात गॅस धरून फुगते. दर दोन-तीन तासांनी मांडी बदलायची. साडेतीनशे किलोचा भार एकाच पायावर राहिला की खालचा रक्तपुरवठा दबतो, नसा चेपतात, आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला, बसून राहण्यानंच जनावर जातं. मागच्या दोन्ही पायांना सैलसर पट्टा बांधला, म्हणजे पुन्हा फाकायला नकोत. फरशीवर कोरडी माती आणि वाळू ओतली, खुरांना पकड मिळावी म्हणून. पहिल्या दिवसात उठली तर बरं, असं म्हणून डॉक्टर गेले, आणि आम्ही कंदील टांगून बसलो.

प्रत्येक वेळी कूस बदलताना मला तुझे बाबा आठवत होते. तो रुंद कापडी पट्टा, पोटाखालून घालून आढ्याला बांधायचा, तो असता तर चार माणसांचं काम दोघांत झालं असतं. आम्ही पोती आणि दोर वापरले. दोर कातडीत रुततो. तिच्या काखेत अजून वण आहे, रोज हळद लावते.

उजाडलं तरी ती तशीच. कोंबड्या सोडल्या, गोजी कालवडीला पाणी दाखवलं, शेळ्यांना बाहेर बांधलं. त्यातली ठकी, तीच ती, तुझी ओढणी खाणारी, दावं सोडवून आत शिरली आणि सरळ बकुळाच्या टोपल्यात तोंड घातलं. बकुळानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग असा हुंकार दिला, जसा ती पहिल्या वेतात कुत्र्यावर द्यायची, आणि गुडघ्यांवर जोर घेऊन मागून उठली. थरथरत होती, पण उभी. ठकीनं मात्र टोपल्यातून तोंड काढलं नाही. ह्यांनी तिला शेंगांचा पाला घातला, बक्षीस म्हणून. मी रडत होते. दादा म्हणाला, आता तरी चहा ठेव.

हे दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर त्यानं म्हटलं असतं, अगं, एका म्हाताऱ्या गाईचं किती घेऊन बसलीस. तू म्हणणार नाहीस. ती जन्मली त्या रात्री वासराचं नाक न दिसता नुसते पायच दिसत होते, आणि आपल्या सगळ्यांत तुझाच हात लहान म्हणून तुला आत घालायला लावला होता. तिला या जगात पहिला हात लागला तो तुझा.

आणि आता काळजी. ती मोठी आहे, पाणी घेऊन बस.

बकुळाला अठरावं लागलं. शेवटचं वेत होऊन बराच काळ झाला. त्यानंतर ती एकवीस दिवसांनी माजावर येत राहिली, सकाळी माज दिसला की संध्याकाळी, संध्याकाळी दिसला की दुसऱ्या सकाळी, असं सगळं वेळेवर रेतन करूनही गाभ न धरता उलटत राहिली, आणि मग माजच बंद झाला. भाकड. खालचे पुढचे आठ दात झिजून खुंट राहिलेत. (वरचे कधी नव्हतेच, हे तुला आता तरी पटलंय ना? लाथ मारून कुणीतरी पाडले म्हणून तू माझ्याशी पैज लावली होतीस आणि अजून दिलेली नाहीस.) वैरण बारीक कुट्टी करून, भिजवून द्यावी लागते. आणि इकडे गोजी गाभण आहे, पहिलारू. उन्हाळ्याच्या तोंडाशी विणार. म्हणजे विण्याआधीचे दोन महिने तिला पेंड-भुशाचं आंबोण वाढवायचं, आणि व्यायली की नुसतं पाणीच दिवसाला साठ लिटरच्या पुढे. आमच्या विहिरीचं तुला माहीत आहे. शेवटचे दोन महिने तळाचा दगड दिसतो.

दादानं पडवीत बसून स्पष्ट विचारलं, एकीच्या तोंडचं काढून दुसरीला घालणार का? मग एक व्यापारी गोठ्याशी येऊन उभा राहिला. कुणी बोलावला ते मी विचारलं नाही. त्यानं तिच्या शिंगावरची वळी मोजली, पाठीवर हात फिरवला, आणि ती त्याचा हात चाटत राहिली. ह्यांनी त्याला परत पाठवला. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दोनदा जेवले नाहीत.

तेव्हा मला तू आठवलीस. बाबा गेल्यावर तू सगळी दावण रिकामी केलीस आणि मी कुंपणाशी उभी राहून तुला नको नको ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, "तुझी वेळ येईल तेव्हा हिशोब कर, आणि मग मला सांग." किती दिवस आपण बोललो नाही. म्हातारं जनावर आपल्याच गोठ्यात संपावं, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ते म्हणताना तुझ्या पाठीमागे किती रिकामी रात्र होती, ते आत्ता कळतंय.

तर हिशोब केला. हा घे.

ती रोज सात किलोच्या आसपास कोरडी वैरण खाते आणि तीस-चाळीस लिटर पाणी पिते. दूध शून्य. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, रोज दहा किलो शेण धरलं तरी वर्षाचं साडेतीन टन. कुजून त्याचं निम्मं राहतं. भाजीला गुंठ्याला अडीचशे किलो चांगलं कुजलेलं खत धरलं तर सात गुंठे होतात, आणि आमची बाग तेवढीच आहे. म्हणजे वांगी, दोडके, वाल, भोपळे, सगळं तिच्या एकटीच्या जिवावर उभं राहतं. कुजलेलं म्हटलं हं. ओलं शेण तसंच मिरचीच्या बुडाशी ओतून सगळ्या बागेला हुमणीची कीड लावणारी बाई कोण होती, ते मी इथे लिहीत नाही.

हिशोब दादाला दाखवला. तो म्हणाला, गोजीचं शेणही शेणच आहे, आणि ती वर दूधही देणार. त्यात तो चुकत नाही. शेणाच्या हिशोबानं बकुळा टिकत नाही, हे मला माहीत आहे. मी तो हिशोब मांडला कारण मला ती ठेवायची आहे आणि कागदावर तसं काहीतरी दिसावं असं वाटत होतं.

तुझे आजोबा बुळकांडीची गोष्ट सांगायचे ना, आठवड्याभरात सगळा गोठा कसा बसला, आणि शेवटी दावी तेवढी खुंट्यांना लोंबत राहिली. त्यानंतर त्यांनी एकही म्हातारं जनावर बाहेर जाऊ दिलं नाही. तो रोग 2011 साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पुसून टाकलेला तो दुसराच रोग. आजोबांना ते ऐकायला मिळायला हवं होतं. मला मात्र त्यांचं वागणं लहानपणी नुसतं प्रेमळ वाटायचं. आता वाटतं, ज्यानं एकदा सगळंच गमावलं, त्याला एकही दावं स्वतःच्या हातानं सोडवत नसेल.

जरा थांबते. कोंबड्यांचं सांगायचं राहिलं. दिवस लहान झाले आणि सगळ्या एकदम पिसं गाळायला बसल्या, अंडी जवळजवळ बंद. उजेड कमी होत गेला की त्या अंग आवरतात, त्यांना विश्रांती हवीच असते. दिवा लावून त्यांना फसवायचं माझ्या जिवावर येतं. ती काळी खुडूक आहे ना, तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली होती. कोंबडीची पिलं एकवीस दिवसांत निघतात, बदकाला अठ्ठावीस लागतात. बिचारी आठवडाभर जास्त बसली, उठली नाही. पिलं निघाली आणि तिसऱ्या दिवशी थेट हौदात. ही काठावर इकडून तिकडे धावते आहे, ओरडते आहे, आणि ती मजेत पोहतायत. सासूबाई म्हणाल्या, लेकरं शहरात गेली की असंच होतं. तुझ्या आईला हे वाचून दाखव.

भोपळ्याला यंदा मधमाश्या कमी. सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलावर फिरवते, दुपारपर्यंत फुलं मिटून जातात. हाताने केलेले सगळे धरलेत.

तू कशी आहेस? लेकीची परीक्षा झाली का? नवीन जागेत ऊन येतं का, की मिरचीचं रोप पुन्हा नुसतंच लांबलं? कामाचं तू लिहिलं होतंस ते मला नीट कळलं नाही, पण साहेबाशी भांडलीस हे कळलं आणि बरं वाटलं.

परत बकुळाकडे येते. मनाशी ठरवलंय ते असं. ठकीच्या दोन पाठी, म्हणजे तिची मादी करडं, विकायची. शेळी पाचच महिने गाभण असते, तिची दावण लवकर भरते. मोरीचं सांडपाणी जिथे मुरतं तिथे बांधावर हत्तीगवताची दोन-दोन डोळ्यांची कांडी लावायची. अडीच महिन्यांत पहिली कापणी, मग दर दीड महिन्याला. त्याला विहिरीचं पाणी लागणार नाही. शेवरीचा पाला आहेच. फरशी उखडून बकुळाच्या जागेवर मुरूम आणि माती टाकायची, हे तर कालच सुरू केलं. एवढ्यावर वैरणीचं निघेल. पाण्याचं ओढूनताणून निघेल. दादाला सांगितलं, तो हो म्हणाला नाही, पण काल कुदळ घेऊन तोच पुढे होता.

पण खरी काळजी वैरणीची नाहीच, आणि हे मी फक्त तुला लिहिते. डॉक्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ती पुन्हा बसेल. उठली तर उठली. दोन दिवस उठली नाही तर तिला ओढत ठेवू नका. मी मान डोलावली. पण ते ओळखायचं कसं? ती खात असेल, माझ्या हाकेला कान हलवत असेल, आणि उठत मात्र नसेल, तर त्या वेळी मी कुणाचं ऐकायचं, तिचं की माझं? तुझ्या म्हाताऱ्या बैलाच्या वेळी तू पहाटेपर्यंत त्याच्यापाशी होतीस आणि मग उठून डॉक्टरांना फोन केलास. का केलास ते मी कधी विचारलं नाही. आपलं बोलणंच बंद होतं. आता विचारते. त्याच्यात काय दिसलं तुला? की तुझ्यात काही बदललं? कसं होतं ते सगळं लिही, लहानातलं लहान. बरं वाटेल असं काही लिहू नकोस.

आणि जमलं तर ये. गोजी व्यायच्या आधी ये, म्हणजे दोघी मिळून तिच्याजवळ जागू. तुझा हात अजून माझ्यापेक्षा लहानच आहे. येताना तुमच्या जुन्या घराच्या माळ्यावर बाबांचा तो पट्टा आहे का बघ. उंदरांनी कुरतडला असेल तरी आण, मी शिवून घेईन. कड्या पितळेच्या होत्या, त्या धड असतील.

तुझीच