रोमनांच्या आधीची गावं
संपादक महोदय,
उत्तर युरोपातले प्राचीन जर्मानिक लोक म्हटलं की रोमनांच्या आधी नुसतं जंगल नि टोळ्या, असंच अजून बऱ्याच लेखांत येतं, ते खरंच खटकतं. डेन्मार्कच्या जटलंडमधलं होडे गाव बघा, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातलं, लांबच लांब घरं, पश्चिमेच्या टोकाला चूल नि माणसं, पूर्वेला गोठा, सगळं एकाच छपराखाली आणि अख्ख्या गावाभोवती कुंपण पण. त्याच भागात १९५० मध्ये दलदलीत सापडलेला टोलुंडचा माणूस, म्हणजे तिथे टिकून राहिलेला मृतदेह, तर जवळपास २४०० वर्षांपूर्वीचा, त्याच्या पोटात सातू, जवस नि रानबियांची लापशी निघाली, म्हणजे शेती होतीच की! शाळेच्या पुस्तकात यावर निदान एक पान तरी द्या हो.
– एक वाचक