काकू, बॉल यायच्या आधी बोलायला शिकवलंत त्याबद्दल

काकू, नमस्कार.

हे तोंडावर सांगायचं ठरवून मी तीनदा आपल्या पिकलबॉलच्या (पॅडल आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा बॉल घेऊन नेटवरून खेळायचा खेळ) कोर्टवर आलो आणि तिन्ही वेळा "चला काकू, मजा आली" एवढंच म्हणून बॅग उचलून सटकलो. गेम सोडून तुमच्याशी दुसरं काही बोलायला मला अजून जमत नाही, म्हणून लिहूनच टाकतोय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण डबल्समधला पार्टनर म्हणजे आपल्या शेजारी उभा असलेला अडथळा असं समजणारे माझ्यासारखे अजून बरेच असणार.

हो, अडथळाच. पहिल्या दिवशी मी तुम्हाला तसंच समजलो होतो, आता खोटं कशाला बोलू. गुडघ्याला नीकॅप, हळू चाल, वर डावखुऱ्या, आणि मी एवढी वर्षं बॅडमिंटन खेळलेला माणूस. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाचंच माप, इंचभरही फरक नाही (१९६५ साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरूच झाला मुळी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर, नेटही आधी तेवढंच उंच होतं, मग खाली आणलं). त्यामुळे मला वाटलेलं की कोर्ट ओळखीचं आहे म्हणजे खेळ येतोच. इथेच माझी गोची झाली आणि ती भोगली तुम्ही.

कारण बॅडमिंटनमध्ये अटॅक करताना एक पुढे एक मागे, मागचा स्मॅश मारणार, पुढचा नेटवर उरलंसुरलं टिपणार, हे माझ्या पायात इतकं भिनलेलं की इथेही मी सर्व्ह झाली की नेटकडे धावायचो. आणि इथे तर नियम असा की सर्व्ह समोरच्याने टप्पा पडू देऊन घ्यायची आणि त्याचा रिटर्न आपणही टप्पा पडू देऊनच घ्यायचा, म्हणजे सर्व्ह करणाऱ्या जोडीने मागेच थांबायला हवं. मी पुढे, बॉल माझ्या पायाशी, आणि मी हवेतच मारून मोकळा, फॉल्ट. वर तुमच्याकडे वळून बघणार, जसं काही तुम्हीच मला ढकललंत.

त्या दिवसाचा एक पॉइंट मला अजून आठवतो. बॉल दोघांच्या बरोबर मधून गेला. दोघांनी त्याच्याकडे बघितलं, तो आरामात टप्पा खाऊन मागे गेला आणि आपण दोघं बस चुकल्यासारखे उभे. मी मोठ्याने सुस्कारा सोडला. मग पुढचे सगळे मधले बॉल मीच घ्यायचे असं मी मनात ठरवलं, तुम्हाला न सांगता अर्थातच, आणि चौथ्याच बॉलला माझं पॅडल तुमच्या पॅडलवर असं आपटलं की बाजूच्या कोर्टवरचे थांबून बघायला लागले. मी "सॉरी सॉरी सॉरी" सुरू केलं. तुम्ही पॅडलची कड अंगठ्याने चाचपून बघितली आणि शांतपणे विचारलंत, "तुला माझ्याबरोबर खेळायचंय का माझ्या जागेवर?"

काकू, त्या वाक्याने मला दोन दिवस झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्ही पार्टनर बदलून घेतला असणार असं धरून चाललेलो. तुम्ही घेतला नाहीत, का ते मी आजपर्यंत विचारलं नाही. उलट गेमच्या आधी मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, तू सॉरी फार म्हणतोस, सॉरीला पॉइंट मिळत नाही, बॉल गेल्यावर बोलतोस तेवढंच बॉल यायच्या आधी बोल. माझा सगळा गेम बदलला तो या एका वाक्याने, बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघालंय.

मग तुम्ही ते मधल्या बॉलचं गणित मांडलंत. लोक सरसकट सांगतात मधला बॉल फोरहँडवाल्याचा, म्हणजे ज्याचा पॅडलचा हात मधल्या बाजूला आहे त्याचा, पण ते दोघं उजव्या हाताचे असतील तर. आपलं तसं नाही, तुम्ही डावखुऱ्या, मी उजवा. पॉइंट मिळाला की सर्व्ह करणाऱ्या जोडीने जागा बदलायची, त्यामुळे तुम्ही उजवीकडून सुरुवात केली की आपला स्कोअर सम असताना तुम्ही उजवीकडे, मी डावीकडे, दोघांचेही फोरहँड मध्ये, म्हणजे दोघंही त्या बॉलवर तुटून पडणार. आणि स्कोअर विषम झाला की दोघांचेही बॅकहँड, म्हणजे हाताची उलटी बाजू, मध्ये, म्हणजे दोघंही म्हणणार घेईल तो किंवा घेईल ती. पहिल्या दिवशीच्या दोन्ही घोळांचं कारण हे होतं! बॉल मधून गेला तेव्हा विषम स्कोअर असणार आणि पॅडल आपटली तेव्हा सम. मी आपला नशिबाला आणि तुमच्या गुडघ्याला दोष देत बसलेलो.

तेव्हा आपण ठरवलं की समोरचा ज्या बाजूने मारतोय त्याच्या समोर जो असेल त्याने आपली लाइन सांभाळायची आणि तिरक्या बाजूला जो असेल त्याने मधला घ्यायचा. विषम स्कोअरला तर तोंडाने "मी" म्हणायचंच म्हणायचं, नाही म्हटलं आणि बॉल गेला तर चूक दोघांची. कोणीतरी स्टॅकिंग सुचवलेलं, म्हणजे स्कोअर काहीही असो, सर्व्ह किंवा रिटर्न झाला की आपापल्या आवडीच्या बाजूला सरकायचं. आपण ते एक गेम करून बघितलं, आता सर्व्ह कोणाची हेच मी विसरलो, तुम्ही हसत बसलात आणि तो विषय तिथेच संपला. एवढ्यात नको म्हणालात ते बरं झालं.

आणि ते तुमचे शब्द. बाकीचे इंग्लिशमध्ये ओरडतात, तुम्ही म्हणालात एका श्वासात मावेल असाच शब्द पाहिजे. मी. तू. सोड. बदल. चल. थांब. बास, एवढेच. "सोड" माझ्यासाठी खास होता कारण अंगावर जोरात येणारा बॉल मारल्याशिवाय मला राहवतच नाही, खांद्याच्या वर येतोय, सोडला तर सरळ बाहेर जाणारे, पण नाही, हात गेलाच. मारणाऱ्याला ते दिसत नाही, शेजारी रिकामा उभा असलेल्याला दिसतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी विचारलं "आउट" का नाही ओरडायचं. तर म्हणालात की टप्पा पडायच्या आधी ओरडलेलं "आउट" नियमात आपसातलं बोलणंच धरतात, पण समोरच्यांना ते कॉल वाटतं आणि मग वाद होतात, त्यापेक्षा सोड म्हण, सुटलं.

वादावरून आठवलं. आपल्या बाजूच्या लाइनवर पडलेला तो बॉल मी "आउट" दिला आणि तुम्ही त्याच क्षणी "आत होता" म्हणालात, समोरच्यांच्या देखत! दहाव्या पॉइंटला! नियम असा की जोडीतल्या दोघांचं एकमत नसेल तर बॉल आत धरायचा, पॉइंट त्यांना. मी इतका चिडलो की पुढची सर्व्ह नेटमध्ये घातली. घरी जाताना मात्र वाटलं की माझा पार्टनर माझ्याविरुद्ध खरं बोलतो म्हणजे तो मला "छान मारलास" म्हणतो तेही खरंच असणार. (छान मारलास तुम्ही आठवड्यातून एकदाच म्हणता, तेही खरं.)

लॉबचं मात्र मला शिकायला खूप वेळ लागला. डोक्यावरून बॉल गेला की मी उलट्या पावलांनी मागे पळायचो, सगळेच पळतात, आणि पडतात ते तिथेच. तुम्ही एकदा जोरात ओरडलात, तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला, "वळ आणि मग पळ!" तेव्हापासून तुमच्या डोक्यावरून लॉब गेला की मी वळून तिरका धावतो, "मी" म्हणतो, आणि तुम्ही "बदल" म्हणून माझ्या बाजूला सरकता. तुमचा गुडघा वाचतो आणि माझं बॅडमिंटनचं पळणं एकदाचं कामाला येतं. काही काही पॉइंटला तर वाटतं आपण खरंच जोडी आहोत.

समोरचे सगळे बॉल तुमच्यावर मारायला लागले की मला राग यायचा आणि मी तुमच्या पुढ्यात उडी मारून बॉल पळवायचो. तेव्हा तुम्ही म्हणालात, येऊ दे माझ्याकडे, मला तेवढीच प्रॅक्टिस, तू फक्त मध्ये सरक. आणि ती चादरीची गोष्ट सांगितलीत. घडी घालताना दोघांनी चादरीची टोकं धरलेली असतात, एक डावीकडे गेला की दुसरा आपोआप जातो, ताणायची नाही आणि लोळू द्यायची नाही, तसं आपल्या दोघांमध्ये अंतर ठेव. मला कोचिंगच्या सगळ्या व्हिडिओंनी जे कळलं नाही ते चादरीने कळलं. आता तुम्ही साइडलाइनला खेचल्या गेलात की मी न बघता मध्ये येतो, म्हणजे तुमचं एकटीचं कोर्ट लहान होतं आणि माझी लाइन उघडी पडते, पण तिथे मारायला त्यांना अवघड शॉट लागतो, मारू देत बापडे.

तसंच "चल" आणि "थांब". आपली सर्व्ह असताना तिसरा बॉल, म्हणजे त्यांच्या रिटर्नला आपलं उत्तर, मी हळूच किचनमध्ये टाकायला बघतो, नेटपासून ७ फुटांची ती पट्टी जिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही. तो ड्रॉप बसला का उंच राहिला हे तुम्ही माझ्याआधी ओळखता. बसला की "चल", दोघं मिळून किचनच्या लाइनपर्यंत. उंच राहिला की "थांब", आणि पॅडल खाली धरून तयार. आधी मी एकटाच पुढे जायचो, तुम्ही मागे, आणि मधल्या त्या तिरक्या भगदाडातून बॉल जायचे. मला ड्रॉप मारता येत नाही असं मला वाटायचं. ड्रॉप बरा होता हो, आपण दोघं वेगवेगळ्या ठिकाणी उभे होतो.

स्कोअर पुकारण्यावरून तर मी तुम्हाला फार छळलंय. आमचे, त्यांचे, सर्व्हर एक का दोन (जोडीतला पहिला सर्व्ह करतोय का दुसरा), हे तीन आकडे मी पुटपुटायचो आणि लगेच सर्व्ह मारायचो. स्कोअर पुकारल्यावर सर्व्हला १० सेकंद असतात, तेवढे वापर, असं तुम्ही म्हणायचात आणि मला वाटायचं हिला दम खायचाय. मग एकदा तुम्हीच सांगितलंत की आकडा ऐकला की तुम्हाला कळतं आत्ता फोरहँड मध्ये आहेत का बॅकहँड. म्हणजे तो स्कोअर समोरच्यांसाठी नव्हताच, तुमच्यासाठी होता. आता मी मोठ्याने आणि थांबून म्हणतो, तुम्ही मान हलवलीत की मग सर्व्ह.

आणखी एक. गेम संपला की तुम्ही कधीच चुकांची यादी काढत नाही. "सांगू का?" विचारता, मी हो म्हटलं तर एकच गोष्ट सांगता, तीही पुढच्या गेमला करून बघता येईल अशी. चालू गेममध्ये तर कधीच नाही. मी याच्या बरोबर उलट होतो, न विचारता पाच सल्ले, तेही समोरचा बॉल उचलायला वाकलेला असताना. तुमच्या आधी ज्या ज्या लोकांबरोबर खेळलो त्यांची या पत्रात माफी मागून घेतो, त्यातले दोघं अजूनही मला बघून दुसऱ्या कोर्टवर जातात.

गेल्या आठवड्यात तुम्ही नव्हतात तेव्हा मला एका नवीन मुलाबरोबर टाकलं. टेनिसवाला आहे, हात दणदणीत, पहिल्या गेममध्ये त्याने माझे सहा बॉल खाल्ले आणि दर वेळी सॉरी. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू, वाटलं आता माझी पाळी. गेम संपल्यावर अगदी तुमच्यासारखा शांत आवाज काढून विचारलं, "सांगू का?"

तो म्हणाला, "नको."

काकू, नको म्हटल्यावर काय करायचं हे तुम्ही सांगितलेलंच नाही! मी गप्प बसलो, दुसरा गेम खेळलो आणि फक्त "मी", "तू", "सोड" म्हणत राहिलो. शेवटी शेवटी तो एका लॉबला "बदल" म्हणाला. कुठून ऐकला त्याने तो शब्द देव जाणे.

थँक यू काकू. गुडघा सांभाळा, आणि लवकर या.

तुमचा,
सम स्कोअरला डावीकडे उभा असणारा