घरी जातोयस तर जरा जास्त दिवस थांब

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. आरव्हीत, म्हणजे झोपायच्या-स्वयंपाकाच्या सोयी असलेल्या गाडीत, राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच आई-बाबांकडे चाललायस आणि विचारतोयस की दोन दिवस थांबू की चार, गाडी कुठे लावू, झोपू कुठे. उत्तर टाइप करायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून सरळ पत्रच लिहितोय, निवांत वाच.

पहिलं म्हणजे दोन-चार दिवसांसाठी जाऊ नकोस रे. नोकरीवाल्याला सुट्टी संपली की पळावं लागतं, आपलं घर तर आपल्यासोबतच आलेलं असतं, मग पाहुण्यासारखं जाऊन यायचं कशाला? पहिले काही दिवस सगळे जरा वेगळेच वागतात, आई सारखी स्वयंपाकघरात, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, दादा-वहिनी, काका-मावशी येऊन जातात, गप्पांना खंड नाही. हे सगळं छानच असतं, पण ते रोज कसे राहतात ते यात दिसत नाही. ते दिसायला लागतं गर्दी ओसरल्यावर.

माझ्या बाबांचंच सांगतो. फोनवर कायम 'आम्ही मजेत, तू तुझं बघ'. एकदा बरेच दिवस राहिलो होतो, सगळे येऊन गेले होते, दुपारी जिन्यातून खाली येत होतो तर भिंतीकडे लक्ष गेलं. हाताच्या उंचीवर रंग मळलेला, एकेका पायरीला एकेक पंजाचा डाग, वरपासून खालपर्यंत. म्हणजे बाबा कित्येक महिने भिंत धरून चढ-उतार करत होते आणि कोणाला बोलले नव्हते, आईलाही वाटायचं की वयाने सावकाश चालतात. त्याच आठवड्यात भिंतीला रेलिंग बसवून घेतलं आणि गुडघे दाखवायला त्यांना घेऊन गेलो, नंबर लागायला दिवस गेले, एक्सरे, रिपोर्ट, परत भेट, आणि या सगळ्याला मी तिथे होतो. दोन दिवसांत यातलं काय झालं असतं सांग. म्हणून म्हणतो, त्यांना आपला सणासारखा दिवस नकोय, साधे दिवस हवेत, ज्यात आपण बिलं भरून देतो, फोनमधलं अडलेलं काहीतरी नीट करतो आणि दुपारी नुसते शेजारी बसून पेपर वाचतो. तुझीही दात, डोळे, बँकेची कामं, साठलेली टपालं याच मुक्कामात उरकून घे, फिरतीवर ही कामं होत नाहीत.

झोपायचं मात्र आपल्या गाडीतच. आई म्हणणार, घर असताना बाहेर काय झोपतोस, तिला वाईट वाटेल, म्हणून हे निघायच्या आधीच फोनवर प्रेमाने सांगून ठेव. आपली गादी, आपला दरवाजा, रात्री उशिरापर्यंत काम असलं तर कोणाची झोपमोड नाही, आणि त्यांनाही त्यांचं घर त्यांच्या सवयीने वापरता येतं. यामुळेच महिनाभर राहूनही कोणी कोणाला जड होत नाही. आणि आईला सकाळचा चहा गाडीत प्यायला बोलाव. माझी आई आधी पायरी चढायलाही तयार नव्हती, आता सकाळी स्वतःच दार वाजवते.

आता गाडीचं, हे नीट वाच. बाबांना फोन करून विचार की सेप्टिक टँक आणि त्याचे पाइप अंगणात नेमके कुठून गेलेत, त्यावर गाडी अजिबात न्यायची नाही, झाकण आपल्या गाडीचं वजन पेलत नाही. येताना पाण्याची टाकी भरून आणू नकोस, 200 लिटर म्हणजे 200 किलो, तेवढं ओझं कमी, पाणी घरी मिळणारच आहे. गेटवरच्या वायरी आणि झाडाची फांदी यांची उंची कोणाला तरी टेपने मोजायला सांग, आणि छतावरच्या एसीसकट आपली उंची किती ते कागदावर लिहून समोर चिकटव. जागा उताराची असेल तर चाकांखाली लेव्हलिंग ब्लॉक, म्हणजे उंची देणारे ठोकळे, लावून गाडी सपाट कर, गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लाव. तुझा फ्रिज गॅसवर चालणारा, अमोनियाचा आहे ना, तो कलत्या गाडीत बराच वेळ चालला की आतलं द्रव नीट फिरत नाही आणि कूलिंग युनिट कायमचं जाऊ शकतं.

विजेचं गणित तर पाठच करून टाक. तुझ्या गाडीचा प्लग 30 अँपचा, अमेरिकेतल्या 120 व्होल्टला म्हणजे 3600 वॅट. तिथल्या घराचा साधा सॉकेट 15 अँपचा, म्हणजे 1800, आणि तासन्‌तास चालवायचं तर त्याच्या 80 टक्केच धरायचे, 1440. म्हणजे एसी लावला की मायक्रोवेव्ह नाही, आणि बऱ्याचदा एकटा एसीही सुरू होताना ब्रेकर पाडतो. एक्स्टेन्शन जाड तारेची आणि शक्य तितकी छोटी घे, गुंडाळी पूर्ण सोडून ठेव, गुंडाळलेली केबल तापते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघ, गरम लागला तर लोड कमी कर. आणि त्याच लाइनवर घरातला फ्रिज किंवा फ्रीझर नाही ना ते आधी तपास, रात्री ब्रेकर पडला आणि कोणाला कळलं नाही तर सकाळी आईचं सगळं सामान वितळलेलं.

ब्लॅक टँक, म्हणजे गाडीतल्या संडासाची टाकी, रिकामाच घेऊन जा आणि दिवसा घरातलंच बाथरूम वापर. भाचरं येतील, प्रत्येकाला गाडीतला फ्लश दाबून बघायचा असतो, बघू दे, पण त्या हिशोबाने टँकवर नजर ठेव. ग्रे टँकचं, म्हणजे अंघोळीचं आणि सिंकचं, पाणीसुद्धा रस्त्याकडेच्या गटारात सोडायचं नाही, ते पावसाच्या पाण्याचं असतं आणि बहुतेक वेळा थेट नाल्यात, नदीत जातं. जवळचं डंप स्टेशन, म्हणजे या टाक्या रिकाम्या करायची जागा, आधीच शोधून ठेव.

शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी जाऊन भेट, किती दिवस आहोत ते सांग, जनरेटर लावू नकोस. अनेक गावांत, कॉलन्यांत घरासमोर गाडी किती दिवस उभी ठेवायची, तिच्यात राहायचं की नाही याचे नियम असतात, तेही विचारून घे. नाही म्हणाले तर जवळच्या आरव्ही पार्कमध्ये लाव आणि रोज सकाळी घरी जा, काही बिघडत नाही.

आणि गावातून गाडी हळू चालव. आपली सीट उंच असते, लहानपणी ज्या भिंतींपलीकडचं कधी दिसलं नाही ते सगळं आता दिसतं, कोणाचं अंगण, कोणाची विहीर, शाळेचं मागचं मैदान. काही जागी नुसती मोकळी जमीन दिसेल, तिथे कोण राहायचं ते आठवत बसशील. मी तर एकदा बाबांनाच शेजारच्या सीटवर बसवून सगळं गाव फिरवलं, ते एकेका घराची गोष्ट सांगत होते, त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकल्याच नव्हत्या.

असं किती वर्षं फिरणार, सेटल कधी होणार, हे सगळे विचारतील. चिडू नकोस, काळजीपोटीच विचारतात. मी सांगतो की सध्या असं राहतोय म्हणूनच तर इतके दिवस तुमच्याजवळ राहू शकतोय, आणि ते खरंच आहे.

एक राहिलं. निघायची तारीख पोचल्या दिवशीच सांगून टाक. मी सांगितली नव्हती तेव्हा नुसता पाण्याचा पाइप गुंडाळायला घेतला तरी आई दारात यायची, निघालास का म्हणून. तारीख माहीत असली की ती शांत असते, आणि पुढच्या वेळची तारीखही त्याच वेळी ठरवून टाकता येते.

गाडीची लांबी-उंची आणि घरासमोरच्या जागेचा फोटो पाठव, कुठून आत घ्यायची ते आपण व्हिडिओ कॉलवर बघू. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र